चार चाकांची शेगडी

उन्हात उभी केलेली मोटार ही बसण्यासाठी नसून भाजण्यासाठी केलेली वस्तू आहे, असं माझं निदान मे महिन्यापुरतं ठाम मत आहे. चाकाला हात लावावा तर चटका, सीटवर टेकावं तर चटका! "एवढ्या आचेवर खिचडी तरी झाली असती," असं घरोघरी म्हटलं जातं. पण या थट्टेमागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे बरं का!

काचेतून ऊन आलं की खोली काय, घोडागाडी काय, जास्तच तापते, हे जिनेव्हाच्या सोश्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय. म्हणजे बंद गाडीत घामाघूम होण्याचा पहिला मान बग्गीवाल्यांचा! इतरांनी घाम पुसला. या गृहस्थानं १७६७ साली काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवून उन्हात मांडल्या. सर्वांत आतल्या पेटीत पारा ८७ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. युक्ती साधीच. ऊन काचेतून आत शिरतं, काळ्या वस्तूंना तापवतं. ती उष्णता मात्र काच सहजी बाहेर सोडत नाही. यायला दार उघडं, जायला बंद!

पुढे १८३०च्या दशकात सर जॉन हर्शेल तारे पाहायला दक्षिण आफ्रिकेत केपला गेले. रात्री तारे झाले, दिवसा काय करायचं? त्यांनी काच लावलेल्या पेटीत उन्हावर अंडी आणि मांस शिजवलं आणि भोवती जमलेल्यांना खाऊ घातलं.

आपली मुंबईही मागे नव्हती. इथल्या हायकोर्टातले एक अधिकारी, विल्यम ॲडम्स, यांनी आरसे लावलेली सूर्यचूल केली आणि १८७८ साली त्यावर पुस्तकही काढलं. ऐन जानेवारीत सात शिपायांचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजते, असा त्यांचा दाखला. कोर्टाच्या कामकाजापेक्षा हे निश्चितच लवकर!

मग मोटारीत का शिजू नये? अमेरिकेत ओमाहाच्या हवामान कार्यालयानं २०१९च्या जुलैत तेही करून पाहिलं. बिस्किटांचं पीठ उन्हातल्या मोटारीत ठेवलं. काही तासांनी बिस्किटं खाण्याजोगी झाली, पण मध्ये पीठ कच्चंच! बरोबरच आहे. मोटारीला ना आरसे, ना उष्णता धरून ठेवणाऱ्या जाड भिंती. चूल म्हणून मोटार अगदीच सुमार.

पण इथेच हसू आवरावं लागतं. भात शिजायला नव्वदेक अंश लागतात. माणसाचं तसं नाही. अंगातली उष्णता ३७ वरून ४० अंशांवर गेली, की उष्माघात गाठतो. बाहेर ३५ असेल, तर बंद मोटारीत तासाभरात ५५ सहज होतात, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. लहान मुलाचं अंग तर मोठ्यांच्या तिपटीनं लवकर तापतं. काच बोटभर खाली ठेवल्यानंही फारसा फरक पडत नाही.

तेव्हा "दोन मिनिटांत येते, तू बस हं," असं म्हणून मुलाला गाडीत ठेवू नये. वाण्याकडची दोन मिनिटं किती लांबतात, हे आपण सगळेच जाणतो. पीठ कच्चं राहिलं तर पुन्हा चुलीवर ठेवता येतं. मुलाला आपलं कडेवर घ्यावं आणि दुकानात न्यावं. फार तर एक चॉकलेट जास्तीचं द्यावं लागेल.