घाणेरी आली कुठून?

अलिबागहून रेवदंड्यामार्गे मुरूडकडे निघालात, की डाव्या हाताच्या टेकड्यांवर घाणेरी दिसतेच. एकाच गुच्छात दोन-तीन रंगांची फुले. पान चुरगळले की उग्र दर्प. देशावर हिलाच टणटणी म्हणतात. आजोबा-पणजोबांपासून कुंपणाला पाहिलेली, म्हणून ती आपल्याला इथलीच वाटते.

पण मंडळी, तिचे माहेर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनी ती हॉलंडात नेली. युरोपातल्या काचघरांत बागवानांनी संकर करून तिचे नवनवे रंग काढले. अशी नटवलेली घाणेरी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याजवळ शिबपूरच्या कंपनी बागेत शोभेसाठी आली आणि पुढे साहेबांच्या बंगल्यांभोवती लागली. कुंपणाबाहेरचे काम बुलबुलांनी केले. काळी फळे खावीत आणि बिया दूर रानात टाकाव्यात! गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. चारा नाही म्हणून लावलेच, तर यकृत बिघडते, उन्हात कातडी सोलवटते. साहजिकच गुरांनी भोवतीचे गवत खाल्ले आणि मोकळी जागा हिने घेतली.

रानमोडी ही तिची धाकटी जाऊ. तीही अमेरिकेची, आणि तीही एकोणिसाव्या शतकात शिबपूरच्याच बागेत उतरलेली. रान मोडते ती रानमोडी! असे नेमके नाव देणाऱ्याला वनस्पतिशास्त्र कोणी शिकवायला नको. पावसाळ्यानंतर ती फुलते, तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते आणि उन्हाळ्यात तिच्या वाळल्या काटक्या वणव्याचे सरपण होतात. त्या आगीत ऐनाचे, जांभळाचे कोवळे रोप जाते. रानमोडीचा बुंधा मात्र पावसात पुन्हा फुटतो.

केवळ परकी म्हणून यांना बोल लावणे मला पटत नाही. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. मिरचीही अमेरिकेचीच, पण तिच्याशिवाय आपल्या कोळीवाड्यातले कालवण होईल का? काजू-मिरची माणसाने लावली, त्याच्या पोटाला लागली. घाणेरीने मात्र बकऱ्यांची वाट आणि मोळीवाल्या बाईची पायवाट अडवली.

आता ती काढायची, तर कोयत्याने वरवर छाटून भागत नाही, उलट ती अधिक दाट फुटते. मुळासकट खणावी लागते, तेही फळे काळी होण्याआधी. आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच करवंद लावावे लागते, नाहीतर पुढच्या पावसात बुलबुलाने टाकलेले बी तिथेच रुजते.