268 उत्तरं

पाळीचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांकडे उत्तरं तयार असतात. आजीकडे असतात, शाळेतल्या बाईंकडे असतात, पॅडच्या जाहिरातीतही असतात. ज्या मुलीबद्दल हे सगळं चाललंय तिला मात्र कोणी फारसं विचारत नाही. मुद्दाम विचारायचं ठरवलं तर काय होतं, याची एक जुनी गोष्ट मध्यंतरी वाचनात आली. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण तिचा एक धागा थेट आपल्या आनंदीबाई जोशींपर्यंत येतो.

साल 1873. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी 'सेक्स इन एज्युकेशन' नावाचं छोटं पुस्तक काढलं. क्लार्क म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हेत, हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये प्राध्यापक राहिलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शरीरात ऊर्जा ठरावीकच असते. वयात येताना मुलीच्या शरीराला पाळीची सगळी यंत्रणा उभी करायची असते. त्याच वर्षांत ती मुलांच्या बरोबरीने अभ्यासाला बसली, तर ऊर्जा मेंदूकडे वळते आणि ती यंत्रणा अर्धवट राहते. (आपल्या भाषेत, रॅम कमी आहे, दोन जड प्रोग्राम एकदम चालवू नका!) मग उपाय काय? मुलींनी दिवसाला चार-पाच तासच अभ्यास करावा आणि पाळीच्या दिवसांत पूर्ण विश्रांती घ्यावी.

पुस्तक धडाधड खपलं. वेळही अशी की मुलींची कॉलेजं नुकती कुठे सुरू होत होती. व्हासार कॉलेज उघडलं 1865 साली, स्मिथ आणि वेलस्ली 1875 मध्ये. आईबापांच्या मनात आधीच धाकधूक, त्यात हार्वर्डचा डॉक्टर सांगतोय की पोरगी जास्त शिकली तर कायमची आजारी पडेल. फी कोण भरणार?

आणि एवढ्या मोठ्या दाव्याला पुरावा काय? क्लार्क यांनी तपासलेल्या मोजक्या मुलींच्या कहाण्या. आता दवाखान्यात जातात ते आजारी लोकच. जी मुलगी पाळीत कॉलेजला गेली, गणितं सोडवली आणि घरी येऊन जेवून झोपली, ती डॉक्टरकडे कशाला जाईल? नुसते बग रिपोर्ट वाचून 'हे सॉफ्टवेअर कोणाकडेच चालत नाही' म्हणण्यातला प्रकार झाला हा.

क्लार्कना उत्तरं बरीच मिळाली. त्यातलं सगळ्यात भक्कम उत्तर दिलं मेरी पटनम जेकोबी यांनी. या स्वतः डॉक्टर. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून 1864 साली पदवी घेतली आणि मग पॅरिसला जाऊन पुन्हा शिकल्या. 1876 च्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी हार्वर्डने विषयच असा दिला होता की पाळीत बायकांना विश्रांतीची गरज असते का, आणि असली तर किती. निबंध नाव न लिहिता पाठवायचे असत.

जेकोबीबाईंनी काय केलं? सरळ बायकांनाच विचारलं. सुमारे 1000 प्रश्नावल्या वाटल्या. शिक्षण किती झालं, व्यायाम करता का, किती चालवतं, पाळीत दुखतं का, असे साधे प्रश्न. उत्तरं आली 268. शिवाय काही जणींची नाडी, तापमान आणि स्नायूंची ताकद महिनाभर मोजून बघितली. निष्कर्ष असा निघाला की सुमारे 35 टक्के बायकांना पाळीत कसलाच त्रास नव्हता. शिक्षण आणि व्यायाम चांगला झालेल्यांना त्रास जास्त नव्हे, उलट कमी दिसत होता. ज्यांचं खाणंपिणं आणि तब्येत ठीक आहे त्यांना विश्रांतीची सक्ती करायला काही आधार नाही.

निबंधाला पारितोषिक मिळालं. गंमत म्हणजे, ज्या हार्वर्डने ते दिलं त्याच्या मेडिकल स्कूलने मुलींना प्रवेश द्यायला 1945 उजाडलं!

आता जरा प्रामाणिकपणे बघू. हजारातल्या 268 जणींनीच उत्तर दिलं, म्हणजे नमुना काही आदर्श नव्हता. ज्या फार आजारी होत्या त्यांनी कदाचित कागद हातातही घेतला नसेल. आणि उरलेल्या 65 टक्के बायकांना कमीजास्त त्रास होताच, तो काही खोटा नव्हता. पण 'सगळ्या मुलींना झेपत नाही' हे विधान पाडायला एवढी उत्तरं पुरेशी होती.

आणि आता तो धागा. जेकोबीबाईंच्या त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजात 1883 मध्ये नऊवारी नेसलेली अठरा वर्षांची एक मराठी मुलगी दाखल झाली आणि 1886 मध्ये डॉक्टर झाली. क्लार्कचं सगळ्यांनी ऐकलं असतं, तर आनंदीबाईंसाठी तो वर्ग उघडा राहिला असता का?

आज क्लार्कचं कोणी ऐकत नाही. महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये अस्मिता योजना काढली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) सांगतं की पाळीत स्वच्छ साधनं वापरणाऱ्या तरुणींचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या सुमारे 57 टक्क्यांवरून 77 टक्क्यांच्या आसपास गेलं. चांगलीच गोष्ट आहे. पण हा प्रश्न विचारला जातो 15 ते 24 वयाच्या मुलींना. पाळी येते बाराव्या-तेराव्या वर्षी. सहावी-सातवीतली पोर, जिला पहिल्यांदा डाग दिसला आणि वाटलं की आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, ती या आकड्यात नाहीच.

पॅड वाटणं सोपं आहे, मोजणंही सोपं आहे. 'तुला हे आधी कोणी सांगितलं होतं का? शाळेच्या संडासात पाणी असतं का? वापरलेलं पॅड टाकतेस कुठे?' हे विचारायला मात्र कोणीतरी त्या मुलीसमोर बसावं लागतं आणि तिचं उत्तर येईपर्यंत गप्प राहावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वी एका बाईने टपालाने का होईना, ते केलं होतं.

घरात बारा वर्षांची भाची-पुतणी असेल, तर सुरुवात तिथूनच करता येईल.