दृष्टी आणि इत्थशाल

देवगाव रंगारीकडे पत्रिका जुळवताना 'मंगळाची दृष्टी' हा शब्दप्रयोग हमखास कानी पडतो. ग्रह 'पाहतो' ही कल्पना मुळात काव्यात्मच म्हणावी लागेल. प्रत्येक ग्रह आपल्या स्थानापासून सातव्या स्थानी पूर्ण दृष्टीने पाहतो. मंगळ चौथ्या व आठव्या, गुरू पाचव्या व नवव्या, शनी तिसऱ्या व दहाव्या स्थानीही तसेच पाहतो. इतरांना तेथे पाव, अर्धी वा पाऊण दृष्टी असते. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त हे सारे आले आहे. त्याच ग्रंथात केंद्र, पणफर, आपोक्लिम हे मूळचे ग्रीक शब्दही आहेत.

परंतु दृष्टीची एक दुसरी परंपरा आपल्याच मराठवाड्यात नांदत होती, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. गोदाकाठचे पार्थपूर म्हणजे आजची परभणी जिल्ह्यातील पाथरी. तेथे ज्ञानराजाने शके 1425 मध्ये (इ.स. 1503) 'सिद्धान्तसुंदर' रचला. उलटसुलट दोन्ही बाजूंनी वाचता येणारे 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिणारा सूर्य हा त्याचाच मुलगा. ज्ञानराजाचा शिष्य ढुंढिराज याने 'जातकाभरण' लिहिले, तर ढुंढिराजाचा मुलगा गणेश याने 'ताजिकभूषण'. बापाने जातक लिहावे आणि मुलाने ताजिक, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते; कारण ताजिक हे अरबी-फारसी मार्गाने आलेले शास्त्र.

ताजिकात दृष्टीला भावना आहे. पाचवी-नववी दृष्टी उघड स्नेहाची, तिसरी-अकरावी गुप्त स्नेहाची. चौथी-दहावी गुप्त वैराची आणि समोरासमोरची उघड वैराची. शिवाय येथे अंशांना महत्त्व येते. चंद्र मेषेत 10 अंशांवर व शनी तुळेत 14 अंशांवर असेल, तर रूढ जातकफलितात दोघे एकमेकांस पाहतात, एवढ्यावर गोष्ट संपते. ताजिक मात्र विचारतो की शीघ्र ग्रह मंदाकडे जात आहे की त्याला ओलांडून गेला? जात असेल तर तो 'इत्थशाल', ओलांडला असेल तर 'ईसराफ'. पहिला शब्द अरबी 'इत्तिसाल', म्हणजे जोड; दुसरा 'इन्सिराफ', म्हणजे परतणे. वर्षफळातली 'मुंथा'ही अरबीच.

विदर्भातील धर्मपूरच्या घराण्यातला नीलकंठ 1587 मध्ये 'ताजिकनीलकंठी' लिहितो, तेव्हा हे शब्द संस्कृत श्लोकांत निःसंकोच बसवतो. पुढे शिवकाळात 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे आपण वर्गात आवर्जून शिकवतो. दैवज्ञांना तशी गरज भासली नाही, हे मात्र सांगायचे राहून जाते.

फलिताच्या खरेपणाचा प्रश्न अर्थातच निराळा. जयंत नारळीकरांच्या 2008 च्या चाचणीत ज्योतिषांची उत्तरे 46 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीहून सरस नव्हेत. पण 2001 मध्ये विद्यापीठांतून 'वैदिक ज्योतिष' शिकवण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा त्या विशेषणाबद्दलची हरकत 'इत्थशाल' या एका शब्दावरूनही घेता आली असती.