कसावा उत्पादक अल्पभूधारकांची कार्यक्षमता : मापनाचा इतिहास

प्रस्तावना :
महाराष्ट्रात उपवासाला चालणारा साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतील होय. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो आफ्रिकेत नेला. आज नायजेरिया हा त्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश असून तेथील पीक प्रामुख्याने अल्पभूधारकांच्या हाती आहे. उत्पादन कमी येण्यास शेतकरी जबाबदार की परिस्थिती, या प्रश्नाच्या उत्तरावर कृषिधोरणाची दिशा ठरते. प्रस्तुत लेखात या मापनाच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

मापनाचा विकास :
१९५७ मध्ये एम. जे. फॅरेल यांनी कार्यक्षमतेचे तांत्रिक आणि किंमतविषयक असे दोन घटक मानले. उत्कृष्ट उत्पादकांच्या आधारे सीमारेषा आखून इतरांचे तिच्यापासूनचे अंतर मोजावे, ही त्यांची कल्पना होती. १९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी साधनांचा वापर कार्यक्षमतेने करतो, असे प्रतिपादन केले. त्यांच्या आधारांपैकी एक उत्तर प्रदेशातील सेनापूर या गावाचा अभ्यास होता. शुल्ट्झ यांचे मत ग्राह्य धरल्यास केवळ उपदेशाने उत्पादन वाढणार नाही. नवे वाण व संशोधन आवश्यक ठरते.

फॅरेल यांच्या पद्धतीत अवर्षणाने झालेली घटही शेतकऱ्याच्या नावावर जमा होत असे. १९७७ मध्ये आयग्नर, लव्हेल व श्मिट यांनी, तसेच मीउसेन व व्हॅन डेन ब्रुक यांनी स्वतंत्रपणे, दैवी घटक आणि अकार्यक्षमता वेगळी करणारे प्रतिमान मांडले. १९९५ मध्ये बटीस व कोएली यांनी वय, शिक्षण इत्यादी कारणांचा त्यात समावेश केला. त्यासाठी त्यांनी आज तेलंगणात असलेल्या औरेपल्ली गावातील भातशेतकऱ्यांची माहिती वापरली. ही माहिती १९७५ पासून इक्रिसॅट संस्थेने केलेल्या ग्रामपाहणीतून मिळाली होती. सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावेही याच पाहणीत होती. पुढे नायजेरियातील कसाव्याच्या अभ्यासांत हेच प्रतिमान मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

मर्यादा :
भाताचे प्रतिमान कंदपिकाला लावताना अडचणी येतात. कसाव्याची काढणी ठरावीक दिवशी होत नाही. कंद जमिनीत कित्येक महिने राखून गरजेनुसार उपटले जातात. त्यामुळे वर्षाचे उत्पादन निश्चित करणे कठीण होते. मका व इतर पिकांबरोबरची मिश्र लागवड, तसेच खुरपणी व प्रक्रियेतील स्त्रियांचे बिनमोबदला श्रम यांमुळे हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. १९७० च्या दशकात आफ्रिकेत पिठ्या ढेकणाने कसाव्याचे मोठे नुकसान केले. काहींच्याच शेतात झालेली अशी एकतर्फी घट अकार्यक्षमता म्हणून गणली जाण्याचा धोका असतो. १९८१ पासून दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाशीने ही कीड आटोक्यात आणली. तो उपाय शेतकऱ्याच्या कौशल्यात नव्हे, संशोधनात सापडला.

समारोप :
कार्यक्षमतेचा अंक हा सापेक्ष असतो. तो नमुन्यातील उत्कृष्ट शेतकऱ्याशी केलेली तुलना दर्शवितो. सर्वांचेच उत्पादन कमी असेल तरीही तो उच्च येऊ शकतो. म्हणून या अंकाकडे शेतकऱ्याविषयीचा निवाडा म्हणून न पाहता पुढील चौकशीचा आरंभबिंदू म्हणून पाहणे उचित ठरेल.