बधिर हाताची आग : वेदनेच्या इतिहासातील एक भारतीय प्रकरण

कुष्ठरोगात बोटे झडून पडतात, हा समज शतकानुशतके चालत आला. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू ओळखला, तरीही तो टिकून राहिला. त्याला मोठा छेद मिळाला तो तमिळनाडूत. कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रुग्णांचा दिनक्रम बारकाईने पाहता त्यांच्या ध्यानात आले, की खरा घात त्वचेच्या बधिरपणाने होतो. जंतू मज्जातंतू निकामी करतो. मग तापलेले भांडे, रुतलेला खिळा, रात्री बोट कुरतडणारा उंदीर, कशाचीच जाणीव होत नाही. जखमेवर जखम होऊन हात झिजत जातो.

निरोगी त्वचेची राखण मुख्यतः दोन प्रकारचे तंतू करतात. 'ए-डेल्टा' तंतू सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने पहिली तीक्ष्ण कळ पोचवतात आणि हात मागे येतो. सेकंदाला जेमतेम १ मीटर जाणारे 'सी' तंतू मागाहून ठणका आणतात, म्हणून दुखरा भाग जपला जातो. जखम भरली की हे तंतू शांत होतात. ही तीव्र, अल्पकालीन वेदना.

दीर्घकालीन वेदनेत हा क्रम मोडतो. इजा झालेले तंतू कारण नसतानाही संदेश सोडू लागतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की त्वचेला इजा झाल्यावर मज्जारज्जूचा प्रतिसादही बदलतो आणि वाढतो. अशा अवस्थेत सदऱ्याचा हलका स्पर्शही झोंबू शकतो.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या काहींच्या वाट्याला हे दोन्ही भोग येतात: कातडी बधिर, आणि त्याच हातापायांत वर्षानुवर्षे आग. ज्याला सुई टोचल्याचे कळत नाही, तो जळजळीची तक्रार करतो तेव्हा ती सहज खोटी ठरवली जाते. वस्तुतः त्यात विसंगती नाही. बाहेरची वार्ता आणणारा तंतू तुटला, तरी त्याचे उरलेले टोक खोटी वार्ता पाठवू शकते.

राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे भारताने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही येथेच आढळतात. औषधाने जंतू मरतो. मज्जातंतूंची हानी मात्र अनेकदा मागे उरते. म्हणून उपचार संपल्याची नोंद झाल्यावरही रुग्णाला 'दुखते का?' हे विचारले पाहिजे, आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला पाहिजे.