नीरा खोऱ्यातील काळी जमीन आणि निचऱ्याचा प्रश्न

भोरच्या डोंगरात उगम पावणारी नीरा नदी पुरंदर, फलटण, बारामती, माळशिरस आणि इंदापूर या तालुक्यांच्या कडेने वाहत जाऊन नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. या संपूर्ण खोऱ्याच्या तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पसरलेला आहे. तो खडक झिजताना प्रथम त्याचा मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला, भेगाळ आणि पाणी वाहू देणारा थर होतो, आणि पुढे त्या मुरमाची माती होते. उंचवट्यावर ही माती वीतभरही टिकत नाही, कारण पावसाचे पाणी ती धुऊन खाली नेते. ओढ्यांच्या आणि नदीच्या काठच्या खोलगट भागात मात्र हीच धूप शतकानुशतके साचून काही पुरुष खोलीचा, काळाभोर आणि अत्यंत चिकण असा थर तयार झालेला दिसतो. म्हणूनच माळावरची बरड, उतारावरची मध्यम आणि नाल्याकाठची भारी काळी या तीन वेगळ्या जमिनी न मानता एकाच उताराच्या तीन पायऱ्या मानणे योग्य ठरते. वरच्या पायरीवर मुरलेले पाणी अखेर खालच्या पायरीखाली येते, ही गोष्ट या खोऱ्याच्या पुढील इतिहासाला निर्णायक ठरली.

भारी काळ्या जमिनीचा स्वभाव तिच्यातील चिकणमातीने ठरतो. अशा जमिनीत निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, अतिसूक्ष्म कण असतात. त्यातील मुख्य खनिज, ज्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात, पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्यांत पडून तळाशी जाते, त्यामुळे जमीन जणू स्वतःच स्वतःची नांगरट करते असे म्हटले जाते. वळवाचे पहिले पाणी या भेगांतून झपाट्याने खाली उतरते. परंतु माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन जवळजवळ अभेद्य होते, आणि मग पृष्ठभागावर साचलेले पाणी खाली न जाता दिवसचे दिवस उभे राहते. शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा म्हणजे माती धड चिखलही नाही आणि धड ढेकूळही नाही अशी, मशागतीला योग्य ओलाव्याची अवस्था. भारी काळीत वाफसा उशिरा येतो आणि थोडाच काळ टिकतो. ज्या सखल पट्ट्यांत तो वेळेवर येतच नसे, ते नाल्याकाठचे तुकडे गवतासाठी सोडण्याची रीत होती. मारवेलसारखे चाऱ्याचे उत्तम गवत तेथे माजत असे, आणि दुर्लक्ष झाल्यास कुंदा व लव्हाळा त्या जमिनीचा ताबा घेत.

एरवी ही जमीन श्रेष्ठ मानली जाई. बारामती-इंदापूरचा प्रदेश पर्जन्यछायेचा. तेथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा भाद्रपद-आश्विनात येतो. अशा ठिकाणी पावसाची ओल पोटात धरून ठेवणारी आणि तिच्याच बळावर रब्बीची ज्वारी पिकवणारी खोल काळी हीच खरी संपत्ती होती. पाणी सोडत नाही हा या मातीचा दोष कोरडवाहू शेतीत तिचा सर्वांत मोठा गुण ठरत असे.

हा गुण सरकारी दप्तरात कसा नोंदला गेला, हे पाहण्यासारखे आहे. प्रिंगल या अधिकाऱ्याची आधीची जमीन-आकारणी कोसळल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास नव्या मोजणीची सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यातच, आणि तेथे घडलेली पद्धत पुढे 1847 च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याला लागू झाली. त्या पद्धतीत मातीची प्रत रंग, पोत आणि खोली यांवरून ठरवीत. बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी आणि पावणेदोन हात खोल असलेली जमीन सोळा आण्यांची, आणि तेथून खाली उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. चुनखड, वाळूची भेसळ, उतार अशा सात दोषांसाठी सात खुणा ठरवलेल्या होत्या, आणि प्रत्येक खुणेमागे जमिनीची प्रत एका पायरीने घटे. या सातांपैकी एक खूण पाणी मुरू न देणाऱ्या मातीसाठी होती आणि एक उपळवट जमिनीसाठी, म्हणजे जिच्या पृष्ठभागी झरे फुटून ओल अति होते अशा जमिनीसाठी. निचऱ्याचा दोष मोजणीदारांना ठाऊक होता, ही बाब महत्त्वाची आहे. मात्र पावणेदोन हातांच्या खाली काय आहे, मुरूम किती खोलीवर लागतो आणि त्यातून पाणी कोणत्या दिशेने वाहते, हे नोंदवण्याचे कारण त्या पद्धतीत नव्हते, कारण शेती पावसाच्या पाण्यावर होती आणि त्या पाण्याने मुरूम क्वचितच भरत असे.

1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाने हे चित्र बदलले. दुष्काळी कामांच्या निमित्ताने नीरेच्या डाव्या कालव्याला चालना मिळाली, 1885 मध्ये तो वाहू लागला, आणि वेळवंडी नदीवर भाटघर येथे बांधलेल्या धरणाने त्याला साठ्याचा आधार दिला. कालवा दुष्काळापासून संरक्षण म्हणून कल्पिलेला होता; परंतु भारी काळीच्या मालकांना बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीसाठी त्याचे पाणी नकोच असे. पाणी बारमाही आणि पैसे देऊन घेणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. सासवडकडील माळी बागायतदार कालव्याच्या मागोमाग खाली उतरले, गुऱ्हाळे उभी राहिली आणि कालव्याचे उत्पन्न वाढले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ब्लॉक पद्धत आणली. त्या पद्धतीत निवडक पट्ट्यांना ठरावीक पाणी देऊन, त्या पट्ट्यातील सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रावर ऊस आणि उरलेल्यावर इतर पिके अशी फेरपालट अपेक्षित होती. पाण्याची उधळपट्टी रोखण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. पण तोपर्यंत पाणी मुरमात उतरलेले होते.

बिघाड घडला तो असा. कालवा गुरुत्वाने वाहावा म्हणून तो खोऱ्याच्या वरच्या अंगाने, म्हणजे नेमका उथळ आणि मुरमाड जमिनीतून नेलेला असतो. तेथे पाझरलेले पाणी मुरमाच्या भेगांतून उताराने खाली सरकते, आणि सखल भागात पोचल्यावर त्याच्या डोक्यावर चिकणमातीचे जाड झाकण व पायाखाली अखंड कातळ असतो. अशा कोंडीत सापडलेले पाणी दाबाखाली वर चढते. प्रथम विहिरींची पातळी वाढते, आणि बागायतदाराला ती समृद्धीची खूण वाटते. पुढे पाणी जमिनीच्या पृष्ठापासून तीन-चार फुटांवर आले की मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून ते वर खेचले जाते, उन्हाने त्याची वाफ होते आणि त्यातील क्षार मागे उरतात. हिवाळ्याच्या अखेरीस शेतावर पांढरी पापुद्री दिसू लागली की जमीन खारवट झाली असे समजावे. या क्षारांत सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पावसात लापशीसारखे होतात आणि वाळल्यावर दगडासारखे घट्ट बसतात. अशा जमिनीला चोपण म्हणतात. खारवट जमीन पाण्याने धुऊन सुधारता येते. चोपण जमीन पाणीच आत घेत नसल्यामुळे ती नुसत्या पाण्याने धुता येत नाही, आणि तिच्यासाठी जिप्सम व सेंद्रिय खत द्यावे लागते.

या नाशाची पहिली शास्त्रीय नोंद पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवरील 1910 च्या पत्रिकेत केली. कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. मोजणीदारांनी जिला सर्वांत वरचा दर दिला, त्याच प्रकारची खोल काळी सर्वांत आधी बिघडत होती, आणि माळाकडची हलकी जमीन त्याच पाण्यावर उत्तम ऊस देत होती. जमिनीच्या प्रतीचा जुना क्रम कालव्याने उलटा केला होता, आणि त्याची दखल आकारणीत वेळेवर घेतली गेली नाही, हा त्या काळच्या प्रशासनाचा दोष मानावा लागतो.

1916 मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनासाठी एक खास संशोधन कक्ष स्थापन केला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे त्याचेच विस्तारलेले रूप होय. तेथील क्लॉड इंग्लिस आणि त्यांचे सहकारी व्ही. के. गोखले यांनी दख्खनमधील निचऱ्याचा जो अभ्यास केला, त्याचे सार असे की चिकणमातीत कितीही चर खणले तरी त्यांना पाणी लागत नाही, कारण पाणी मातीतून नव्हे, तिच्याखालच्या मुरमातून वाहते. म्हणून चराचा तळ मुरमाला भिडला पाहिजे, आणि तो चर पाणी दिसते तेथे न घेता पाणी ज्या वाटेने येते ती वाट अडवील असा घेतला पाहिजे. यासाठी आधी जागोजागी छिद्रे घेऊन भूमिगत मुरमाचा आणि कातळाचा चढउतार नकाशावर आणावा लागे. मोजणीदार जेथे थांबला होता तेथून पुढची मोजणी अशी ऐंशी वर्षांनी सुरू झाली. त्यानंतर 1932 मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि तेथे जे. के. बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजव्या कालव्याखालील जमिनींचे वर्गीकरण वरच्या थराच्या रंगावर न थांबता मातीच्या संपूर्ण उभ्या छेदावरून केले.

दरम्यान 1928 मध्ये भाटघरचे नवे, मोठे, गव्हर्नर लॉईड यांच्या नावाचे धरण पुरे झाले, उजवा कालवा आला, साखर कारखाने निघाले आणि पाण्याची मागणी कैक पटींनी वाढली. चर खणण्याचे काम त्या वेगाने कधीच वाढले नाही. पुढे कृष्णाकाठी सांगली जिल्ह्यात उपसा सिंचनाने हीच व्याधी पसरली. आता छिद्रे असलेले प्लास्टिकचे नळ जमिनीखाली पुरून निचरा साधतात, आणि ठिबक सिंचनाने मुळात मुरणारे पाणीच कमी करता येते. परंतु नळातून निघालेले खारे पाणी अखेर गावच्या ओढ्यातच सोडावे लागते, आणि अनेक गावांत ते ओढे गाळाने, वेड्या बाभळींनी व अतिक्रमणांनी बुजलेले आहेत. ओढा मोकळा करणे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नाही. ते ग्रामपंचायत, साखर कारखाना आणि पाटबंधारे खाते यांनी मिळून, नळ पुरण्याच्या आधी, हाती घेतले पाहिजे.