बर्लिन, अमरावती आणि मॅक्स केप्लर

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्या शहरात दोन परक्या खेळांची प्रात्यक्षिके झाली, आणि खेळांच्या इतिहासात त्यांचा विचार सहसा एकत्र केला जात नाही. १२ ऑगस्ट रोजी दोन अमेरिकन संघांनी ऑलिंपिक मैदानावर बेसबॉलचा सामना खेळून दाखवला. त्याला पदक नव्हते, पण प्रेक्षक सुमारे नव्वद हजार होते. त्याच ऑलिंपिकच्या काळात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतूसह, म्हणजे कबड्डीसह, देशी खेळ व व्यायामप्रकार तेथे सादर केले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या आखाड्यातून हे मंडळ वाढले होते.

नव्वद हजारांच्या गर्दीने जर्मनीत बेसबॉल रुजला नाही. तो रुजायला महायुद्धानंतरचा काळ यावा लागला, कारण दक्षिण जर्मनीत तळ ठोकून राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी हा खेळ रोजच्या नजरेत आणला, त्यातून स्थानिक मंडळे उभी राहिली, आणि १९८४ पासून जर्मन साखळी स्पर्धा, म्हणजे प्रत्येक संघाने इतर संघांशी ठरावीक सामने खेळण्याची स्पर्धा, नियमितपणे भरू लागली. फुटबॉलवेड्या देशात हा खेळ दुय्यमच राहिला. परंतु बव्हेरियातील रेगेन्सबुर्ग येथे शाळा आणि बेसबॉलचे प्रशिक्षण एकत्र चालवणारी सोय झाली, आणि पुढचा सारा इतिहास तिच्यावाचून सांगता येत नाही.

मॅक्स केप्लरचा जन्म १० फेब्रुवारी १९९३ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील पोलंडचे, आई अमेरिकेतील टेक्सासची, आणि दोघेही बॅले नर्तक. लहानपणी तो टेनिस खेळला, हेर्था बर्लिनच्या बालसंघात फुटबॉलचा गोलरक्षक होता, आणि बेसबॉलची ओळख त्याला बर्लिनमधील जॉन एफ. केनेडी शाळेत झाली. किशोरवयातच तो घर सोडून रेगेन्सबुर्गला गेला. २००९ साली, सोळाव्या वर्षी, मिनेसोटा ट्विन्स या अमेरिकन व्यावसायिक संघाने त्याच्याशी आठ लाख डॉलरचा करार केला. तोवर युरोपातील कोणत्याही तरुण खेळाडूला एवढी रक्कम मिळाली नव्हती.

करारानंतर लगेच मुख्य संघात स्थान मिळते, असा समज असल्यास तो सोडला पाहिजे. अमेरिकेत मुख्य संघांखाली दुय्यम संघांची उतरंड असते, आणि होतकरू खेळाडूला एकेक पायरी चढत वर यावे लागते. केप्लरला या चढणीस सहा वर्षे लागली, आणि त्याच काळात फ्लोरिडात त्याने शालेय शिक्षणही पुरे केले. २०१५ मध्ये चॅटनूगा संघाकडून खेळताना त्याची फलंदाजीची सरासरी .३२२ होती, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर हजार संधींमागे ३२२ वेळा त्याने चेंडू टोलवून तळ गाठला. त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. २७ सप्टेंबर २०१५ रोजी तो मुख्य संघाकडून प्रथम मैदानात उतरला. जर्मनीत घडलेला पहिला खेळाडू मात्र तो नव्हे. तो मान २०१३ साली सिनसिनाटी संघात आलेल्या डॉनल्ड लुट्झचा आहे. लुट्झ जन्माने अमेरिकन, पण वाढला जर्मनीतच.

१२ जून २०१६ चा बॉस्टनविरुद्धचा सामना येथे नोंदला पाहिजे. नऊ डावांत निकाल न लागल्याने खेळ दहाव्या डावात गेला होता, आणि डावखुऱ्या केप्लरने चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला. अशा फटक्याला होमरन म्हणतात. तळांवर उभे असलेले गडीही त्याबरोबर घरी परततात, म्हणून त्या एका फटक्याने तीन धावा झाल्या आणि सामना तेथेच संपला. मुख्य स्पर्धेतला त्याचा हा पहिलाच होमरन होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला क्लीव्हलंडविरुद्ध एका सामन्यात त्याने तीन होमरन मारले. २०१९ मध्ये त्याने ३६ होमरन केले आणि ग्लासगोत जन्मलेल्या बॉबी थॉमसनचा १९५१ मधील ३२ चा विक्रम मागे पडला. युरोपात जन्मलेल्या खेळाडूने एका हंगामात इतके होमरन पूर्वी कधी केले नव्हते.

या कारकिर्दीचे मोल त्या आकड्यांपेक्षा तिच्यामागच्या कष्टाळू व्यवस्थेत अधिक आहे. घराजवळ खेळ दाखवणारी शाळा, पुढे शिकवणारे केंद्र आणि वर्षानुवर्षे वाट पाहणारा संघ, या तिन्ही गोष्टी १९३६ च्या बर्लिनमध्ये नव्हत्या. अमरावतीकडे मात्र त्यातील पहिली होती, कारण तेथील आखाडा पथक परतल्यावरही रोज भरत राहिला. पुढे १९५० साली कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. या गोष्टी बर्लिनच्या टाळ्यांनी घडल्या असे मानणे रोज मैदान सारवून ठेवणाऱ्या माणसांवर अन्याय करणारे आहे.